सुमीचा मार्च

इरा, नील, तुमच्या खिडकीबाहेर मार्चमध्येही बर्फ असतो, ते मला फोनवर दिसतं. इथे उज्जैनला मार्च लागला की सकाळच्या वाऱ्यातला ओलावा एकदम जातो. कडुलिंबाची पानं गळायला लागतात. अंगण झाडून पाठ वळवावी, तर मागे पुन्हा तेवढीच पानं. गव्हाने भरलेल्या ट्रॉल्या मंडीकडे जाऊ लागतात आणि त्यांच्यामागे बारीक भुसा उडत राहतो. दोरीवर वाळलेली साडी नेसली तर तो दिवसभर अंगाला टोचतो. याच दिवसांत कोपऱ्यावरच्या पोहे-जिलेबीच्या गाडीपाशी युनिफॉर्ममधल्या दोन मुली एका पुस्तकात डोकं घालून उभ्या दिसतात. एकीच्या हातात द्रोण, दुसरीच्या हातात पुस्तक. "ये वाला पक्का आएगा," असं एक म्हणते आणि दुसरीचा घास तोंडातच राहतो.

परीक्षेचे दिवस. मला हे दिवस लहानपणापासून फार आवडायचे. धार काढलेली पेन्सिल, पट्टी, धुऊन वाळवलेला रुमाल, सगळं आदल्या संध्याकाळी ओळीने मांडून ठेवायचं. माझं सगळं अजूनही तसंच असतं, यावरून तुमचा बाबा मला चिडवतो. पण दोन वर्षांपूर्वीच्या मार्चपासून मला हा ऋतू सोसत नाही. तो मार्च सुमीआजीचा होता. तिच्याबद्दल तुम्हाला सांगायचं आहे. बाबाला वाचून दाखवायला सांगा. तो मध्येच थांबला तर त्याला थोडा वेळ द्या, त्याचीही ती लाडकी मावशी होती.

सुमी म्हणजे सुमन, माझी धाकटी बहीण. मागच्या वेळी तुम्ही आला होतात तेव्हा नीलला रोज मूठभर शंकरपाळे खिशात भरून देणारी, आणि इराच्या केसांना तेल लावताना गुणगुणणारी. तुम्ही तिला विचारलं होतं, सुमीआजी, तू काय शिकलीस? ती हसून म्हणाली होती, "मी? मी ढ." आणि तुम्ही 'ढ' म्हणजे काय ते मला विचारत बसला होतात. मी तेव्हा सांगायचं टाळलं. ज्याला अभ्यास येत नाही आणि कधी येणारही नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं, त्याला आमच्याकडे ढ म्हणतात. एक अक्षर, पण ते एकदा चिकटलं की निघत नाही.

आपले पूर्वज शिंद्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आले. तलवारवाले नव्हते, दप्तरातले होते, लिहिणारे. त्यामुळे आमच्या घरात लिहिण्याचा गर्व फार. दौत आणि एक जुना टाक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असे. टाक म्हणजे लाकडी दांड्याचं, शाईत बुडवून लिहायचं पेन. घरात कुणी परीक्षेला निघालं की तो टाक कपाळाला लावायचा, हातावर दही-साखर घ्यायची, मोठ्यांच्या पाया पडायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. आणि घरात मूल जन्मलं की त्याच्या उष्टावणाच्या दिवशी, पहिला घास भरवून झाल्यावर, त्याच्यासमोर एक ताट ठेवायचं. त्यात टाक, सोन्याची अंगठी, थोडे तांदूळ, थोडी माती आणि पळी. बाळ रांगत जाऊन ज्याला हात घालेल ते त्याचं नशीब. पुष्कळ घरांत हा गमतीचा खेळ असतो. दुपारच्या जेवणापर्यंत लोक विसरून जातात. आमच्या घरात तो निकाल असायचा.

मी टाक उचलला होता. सुमीने पळी.

बस, एवढंच. पण ते पुढे घरात असं सांगितलं जाई जसं कुणी पत्रिका वाचावी. मी पाचवीत असताना एकदा मला गणितात फार कमी गुण पडले. आजोबा म्हणाले, पेपरच अवघड काढला असणार, आणि संध्याकाळी मला समोर बसवून सगळी गणितं पुन्हा करून घेतली. काही वर्षांनी सुमीला जवळजवळ तितकेच गुण पडले. आजोबा म्हणाले, राहू द्या, तिचा पिंड नाही तो. तिला कुणी समोर बसवलं नाही. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी कमी पडले की दोष पेपरचा आणि सुमी कमी पडली की तो तिचा स्वभाव, हे आमच्या घरात इतकं नैसर्गिक होतं की त्याकडे बघायला डोळे वेगळे लागले असते. पुढे मला इंग्रजी शाळेत घातलं, मी कॉलेजात शिकवायला लागले, आणि दरवेळी घरचे म्हणत, बघा, टाक उचलला होता. माझ्या जागरणांचं श्रेयसुद्धा त्या टाकालाच.

सुमी आठवीत नापास झाली आणि आजोबांनी तिला शाळेतून काढलं. ती रडली नाही, असं आई सांगायची. स्वयंपाकघरात जाऊन तिने कणीक भिजवायला घेतली. ज्याने त्याने कौतुक केलं. किती समजूतदार पोर. मला आता वाटतं, ती समजूतदार नव्हती. तिला पटलं होतं.

तिचं लग्न झालं, मंदार झाला, तो शिकून पुण्याला गेला. तिचे यजमान वारल्यावर मी तिला इकडे, नानाखेड्याच्या माझ्या घरी घेऊन आले. दोघी विधवा बहिणी, एक घर. मी कपाटं लावायची, ती ती विस्कटायची. सकाळी चहा माझा, संध्याकाळचा तिचा, आणि रोज सकाळी तिची एकच तक्रार, "ताई, तुझ्या चहात सगळं मोजलेलं असतं गं, चव तेवढी विसरतेस."

एका सकाळी ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, दहावीची परीक्षा म्हाताऱ्या माणसांना देता येते का. मी म्हटलं, मुक्त शाळेतून देता येते, कुणीही देऊ शकतं. का गं? ती निवडत राहिली. मेथीच्या काड्यांचा ढीग झाला.

मग म्हणाली, "तुझ्या प्रत्येक परीक्षेचं दही मी लावलं. मंदारच्याही. हातावर घातलं सगळ्यांच्या. माझ्या हातावर कधी कुणी घातलं नाही."

मी लगेच फ्रीगंजच्या बाजारात जाऊन पुस्तकं आणली. दुकानदाराने विचारलं, नातीसाठी का? मी हो म्हटलं, कारण सुमी बाहेर उभी होती आणि काचेतून मला नको नको अशी मान हलवत होती.

तो थंडीचा सगळा काळ आणि मग तो मार्च, दुपारी जेवणाचं टेबल पुसून आम्ही अभ्यासाला बसायचो. पुस्तकं हिंदीतली, मी शिकवायची मराठीत, आणि ती मधूनच दोन्हीची खिचडी करायची. औसत म्हणजे सरासरी, क्षेत्रफळाला ती शेवटपर्यंत 'क्षेत्रफल' म्हणायची. हिंदी, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान यांत तिला मजा यायची. इतिहासातल्या राजांवर ती शेजाऱ्यांवर बोलावं तसं बोलायची. "हा मेला भावांना मारून गादीवर बसला, आणि पुढच्या पानावर म्हणे न्यायप्रिय." पण गणिताचं पुस्तक उघडलं की तिचा आवाज बदलायचा. लहान व्हायचा. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जायचं.

आणि तरीही तिला येऊ लागलं. हे मी शिक्षिका म्हणून सांगते आहे, बहीण म्हणून नाही. हळूहळू, चुकत, पुन्हा करत, तिला समीकरणं यायला लागली. त्रिकोणाचे कोन, शेकडेवारी, सरासरी. जानेवारीत ज्या गणितापाशी तिने पेन खाली ठेवलं होतं, तेच गणित फेब्रुवारीत तिने मी चष्मा पुसेपर्यंत सोडवून समोर सरकवलं. मी म्हटलं, बघ आलं. ती म्हणाली, "हे सोपं होतं म्हणून आलं."

हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा ऐकलं! कालपर्यंत जे अवघड होतं ते तिला आलं रे आलं, की ते तिच्या हिशेबी सोपं होऊन जायचं. मी अधिक अवघड द्यायची. ते जमलं की तेही सोपं. जे तिला जमे ते तिच्या लेखी गणित उरतच नसे. गणित म्हणजे जे तिला येत नाही तेवढंच. अशा माणसाला कसं दाखवायचं की तू पुढे आली आहेस? ती जिथे पोचायची ती जागाच ती पुसून टाकायची. मी जन्मभर मुलांना शिकवलं, पण असं काही मला आधी कुणी दाखवलं नव्हतं. कदाचित माझ्या वर्गातही अशा सुम्या बसलेल्या असतील.

परीक्षा सुरू होण्याआधी तिने ठरवलं की घरातल्या मोठ्यांच्या पाया पडून यायचं, पद्धतीप्रमाणे. मोठं असं एकच माणूस उरलं होतं. आमचे नानाकाका, वडिलांचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशीच्या पुढे, कान थोडे गेलेले, जीभ मात्र तशीच. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा रंगपंचमी नुकतीच होऊन गेली होती. भिंतीच्या कडेला अजून गुलाबी डाग होते आणि काकांच्या पांढऱ्या भुवईतही थोडा गुलाल राहिला होता.

सुमी परीक्षेला बसते आहे हे ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. चेष्टेने नव्हे. आनंदाने. "अरे वा बेटा, वा. आता माझी बारी कधी?" मग सुनेला संत्री आणायला सांगितली आणि आपल्या मॅट्रिकच्या परीक्षेची गोष्ट सुरू केली. आम्ही ती पूर्वी अर्धीमुर्धी ऐकलेली होती. घरात पाहुणे, पूजा, गडबड, आणि यांचा पहिला पेपर. देव्हाऱ्यापाशी टाक कपाळाला लावायला गेले तर टाक जागेवर नाही. शोधतात तर तो सापडला समोरच्या खोलीत, पाटाशेजारच्या ताटात.

"मी विचार नाही केला. उचलला आणि निघालो," काका म्हणाले. "म्हटलं, कपाळाला काय लावायचा, पेपरच याने लिहू. वहिनी मागून ओरडून राहिली, भाऊजी, अहो ताटातला टाक. मी कुठला थांबतो. पास झालो ना पण. त्याच टाकाने."

मी विचारलं, ताट कशाचं होतं काका?

"अरे, कुणाचं तरी उष्टावण होतं," ते म्हणाले, आणि मग सुमीकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "तुझंच की गं. तूच ती. संध्याकाळी परत आलो तर सगळे सांगून राहिले, पोरीने पळी उचलली, पळी उचलली."

त्यांना यात काहीच जाणवलं नाही. ते पुन्हा आपल्या पेपरकडे वळले, कोणता निबंध आला होता ते सांगू लागले. मी सुमीकडे पाहिलं. ती काकांसाठी संत्रं सोलत होती. फोडीवरचे पांढरे दोरे एकेक करून काढत होती आणि बशीच्या कडेला लावत होती.

मला तिथल्या तिथे उठून उभं राहावंसं वाटलं. सुमीचं जवळजवळ सगळं आयुष्य ज्यावर रचलं गेलं, त्या ताटात टाक नव्हताच. आठ महिन्यांच्या पोरीसमोर अंगठी, तांदूळ, माती आणि पळी. तिने जे समोर होतं त्यातली सगळ्यात मोठी चकचकीत वस्तू घेतली असेल. आणि घरातल्या कुणीही, टाक नाही हे डोळ्यांनी दिसत असताना, खेळ थांबवला नाही. मुहूर्त टळला असता. मुलगा परीक्षेला गेला होता, तो टाक योग्य ठिकाणीच गेला होता. मुलीसाठी ताटात जे उरलं ते पुरे होतं.

परतीच्या रिक्षात मी तिचा हात धरला. मला खरंच वाटत होतं की आता काहीतरी सुटेल, एखादी गाठ कापल्यासारखी. मी म्हणाले, "सुमे, ऐकलंस ना? त्या ताटात टाक नव्हताच. तुला कधी निवडायलाच मिळालं नाही."

ती रस्त्याकडे बघत होती. एक गव्हाची ट्रॉली आमच्यापुढे चालली होती आणि सुमीच्या चेहऱ्यावर भुसा येत होता.

"असता तरी मी पळीच उचलली असती, ताई," ती म्हणाली.

रागाने नाही, दुःखाने नाही. जसं कुणी आपला रक्तगट सांगावा तसं.

या वर्षी मार्चच्या सुरुवातीला, इरा, तुझा फोन आला होता. चाचणीत गुण कमी आले म्हणून तू ओठ चावत होतीस, आणि मग खांदे उडवून म्हणालीस, "इट्स ओके आजी, मी मॅथ्सवाली नाहीच आहे." तुला आठवत असेल, मी त्यानंतर एकदम गप्प झाले आणि तुला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं. तू ते अगदी तिच्या आवाजात म्हणालीस. तिच्यासारखं, दुःख न करता. तुला मी तेव्हा काहीतरी समजावायला हवं होतं, पण चार उपदेशाची वाक्यं बोलून फोन ठेवायचा, हे मला जमलं नाही. तू अवघ्या चौदा वर्षांची आहेस आणि तुझ्या बोलण्यात असा शेवट झाल्यासारखा सूर कुठून आला? तुमच्याकडे तर ताटही नसतं. मग मला वाटलं, ताट सगळीकडे असतं. कुणी ते मांडलं आणि त्यात काय ठेवायचं राहून गेलं, हे मुलाला कधी कळत नाही, एवढंच.

गणिताच्या पेपरची सकाळ. दही मीच लावलं होतं, आदल्या दिवशी सकाळी. माझ्या हातचं दही नेहमी थोडं आंबट होतं म्हणून लागल्या लागल्या ते फ्रीजमध्ये ठेव, असं तिने आधीच बजावलं होतं. पहिल्या पेपरपासून रोज तिच्या हातावर मी दही-साखर घालत होते, आणि रोज ती ते इतक्या सावकाश खायची की मला घड्याळ दाखवावं लागे. त्या दिवशी मात्र एका घोटात संपवून म्हणाली, चल लवकर. हिंदीचा पेपर छान गेला होता, सामाजिकचा तर फारच छान. पर्यवेक्षिका तिला 'माताजी' म्हणायची आणि पाण्याची बाटली जवळ आणून ठेवायची. त्या वर्गात तिच्या आसपास दुकानात काम करणाऱ्या मुली होत्या, दोन लग्न झालेल्या बायका होत्या, त्यांतली एक बाळाला बाहेर सासूकडे देऊन आत जायची. सुमी त्यांच्यात रमली होती. गेटपाशी त्या एकमेकींना 'बेस्ट ऑफ लक' म्हणायच्या आणि सुमी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायची.

मी बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर बसून होते. पानं माझ्या मांडीवर पडत होती. वेळ संपायच्या बरंच आधी ती बाहेर आली. एकटीच. प्रश्नपत्रिकेची घडी हातात. मला वाटलं, बरं नसेल. ती म्हणाली, काही नाही, झालं माझं.

आम्ही ई-रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशात बघत विचारलं, "माताजी, पेपर कैसा गया?" ती म्हणाली, "सरल था भैया." तो खूश झाला. मीही झाले. मी घडी उघडली आणि प्रश्न वाचू लागले. वडील आणि मुलाच्या वयाचा प्रश्न होता. ती म्हणाली, मुलगा बारा, बाप छत्तीस. मी मनात केलं. बरोबर. त्रिकोणाचा तिसरा कोन? साठ. बरोबर. औसत? सव्वीस. बरोबर. बागेची लांबी-रुंदी, क्षेत्रफळ दिलेलं, लांबी रुंदीपेक्षा सात मीटर जास्त. तिने एकदाही न अडखळता सांगितलं. मी सगळा पेपर वाचत गेले आणि ती सांगत गेली, आणि माझा आवाज वाढत गेला, इतका की रिक्षावाला हसायला लागला. मी म्हणाले, सुमे, अगं तुला तर पैकीच्या पैकी.

तिने माझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन पुन्हा घडी घातली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी खोडलं."

मला समजलं नाही. मी विचारलं, काय खोडलं?

"सगळं. पहिलं आलं तेव्हा बरं वाटलं. मग दुसरं आलं. मग तिसरं. मला भीती वाटायला लागली. गणित असं नसतं, ताई. माझं असं येत नसतं. म्हटलं, आपण काहीतरी मोठं चुकून राहिलो आहोत, कुठेतरी फसलो आहोत. म्हणून खोडलं. मग दुसऱ्या रीतीने करायला गेले, तर ते येईना." मग म्हणाली, "ते येईना तेव्हा जिवाला शांत वाटलं."

रिक्षा नानाखेड्याच्या स्टँडवरून वळली. बसवाले इंदूर, इंदूर ओरडत होते. मी काहीतरी बोलले असेन, मला आठवत नाही. तिने माझ्या मांडीवरचं कडुलिंबाचं पान उचलून बाहेर टाकलं.

निकाल उन्हाळ्यात लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, सामाजिक शास्त्रात चांगले गुण, गणितात नापास. मला रडू आलं. तिने माझ्यासाठी चहा केला. "म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही सोसत नाही. ते समाधान होतं. जगाने शेवटी तिचं म्हणणं मान्य केलं होतं. मी सांगितलं, पुन्हा बसता येतं, फक्त एका विषयाला. तिने मान हलवली. "दही मिळालं ना गं. पुरे झालं."

मी तिला रोज सांगायची. कधी भाजी चिरताना, कधी देवळातून येताना. सुमे, तुझी सगळी उत्तरं बरोबर होती. ती दरवेळी माझ्याकडे अशा मायेने बघायची, जणू मीच तिला धीर देण्यासाठी खोटं बोलते आहे आणि ती मला त्याबद्दल माफ करते आहे. "तू बहीण आहेस म्हणून म्हणतेस," एवढंच.

पुढच्या थंडीत तिला झटका आला आणि दोन दिवसांत ती गेली. तुम्हाला ते फोनवर कळलं. नील, तू विचारलं होतंस, सुमीआजीला दुखलं का. डॉक्टर म्हणाले, नाही.

दहाव्याला आम्ही सिद्धवटाला गेलो. भैरवगडच्या पुढे क्षिप्रेच्या काठावर मोठा वड आहे, तिथे पिंड ठेवतात. रस्त्यात छापाची कापडं वाळत घातलेली होती, लाल-काळी, आणि खाली ओल्या मातीवर त्यांचं पाणी ठिबकत होतं. मंदार पुण्याहून आलेला होता. गुरुजींनी पिंड मांडले आणि आम्ही बाजूला उभे राहिलो. आपल्याकडे मानतात की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी एकेक गोष्ट बोलायची, वचन द्यायचं, म्हणजे तो येतो. मी इंग्रजी शिकलेली बाई आहे, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या दिवशी मीही वर बघत उभी होते.

कावळा वरच्या फांदीवर बसला होता. हलत नव्हता. मंदार म्हणाला, आई, मी मावशीकडे लक्ष देईन. कावळा हलला नाही. मंदार म्हणाला, तुझं घर विकणार नाही, बाबांच्या फोटोला हार घालीन. तरीही नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे सुजले होते. "मावशी, तू म्हण ना काहीतरी."

मी पुढे झाले. म्हणाले, "सुमे, तुझी सगळी उत्तरं बरोबर होती."

ऊन पाण्यावर चकाकत होतं. पलीकडच्या पायऱ्यांवर कुणाच्या तरी पिंडावर चार कावळे एकदम उतरले होते. आमचा तिथेच बसून राहिला. त्याने मान तिरकी केली आणि दुसरीकडे बघितलं.

गुरुजी वयस्कर होते, समजूतदार होते. थोडा वेळ थांबून ते हळूच म्हणाले, "ताई, होतं असं कधी कधी. ऊन वाढतंय." त्यांनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. कावळा येतच नाही तेव्हा दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला लावतात. मग विधी पुरा झाला असं मानायचं.

मी म्हटलं, गुरुजी, जरा थांबा.

आणि मी पहिल्यापासून सुरू केलं. मोठ्याने, वर्गात तपासायची तशी. मुलगा बारा वर्षांचा, बाप छत्तीस. बरोबर. तिसरा कोन साठ अंश. बरोबर. सरासरी सव्वीस. बरोबर. प्रत्येक उत्तर, तिने रिक्षात सांगितलं होतं त्या क्रमाने. शेजारच्या पायऱ्यांवरचे लोक बघू लागले. त्यांना वाटलं असेल, हा दक्षिणी, म्हणजे आपल्या मराठी लोकांचा काही वेगळा मंत्र असेल. मंदारने माझा दंड धरला होता, पण मला थांबवलं नाही. गुरुजींनीही नाही. त्यांनी दर्भाचा कावळा करून ठेवला आणि तो ओंजळीत धरून, मान खाली घालून, माझं संपेपर्यंत उभे राहिले.

शेवटचं उत्तर बागेचं होतं. लांबी पंधरा मीटर, रुंदी आठ.

"बरोबर," मी म्हणाले. मग गुरुजींनी वाकून तो गवताचा कावळा पिंडाला लावला.